कामाच्या जागेवरचा शिक्षक



भिवंडीच्या अंजूर फाट्यावर सकाळच्या पाळीबदलाच्या वेळी जरा बाजूला उभे राहून पाहा. रात्रपाळी उरकून निघालेले यंत्रमागाचे कारीगर एका बाजूने येतात. त्यांच्या केसांवर, भुवयांवर कापसाचे पांढरे तंतू बसलेले असतात. समोरून राहनाळ, काल्हेर, पूर्णा, माणकोली या गावांतल्या गोदामांकडे निघालेली तरणी पोरे आणि बायामाणसे येतात. कोणी शहापूरकडचे, कोणी वाड्याकडचे, कोणी पार उत्तर प्रदेशातून येऊन इथे चौघापाचांत खोली घेऊन राहिलेले. या गर्दीत हल्ली आणखी एक माणूस दिसू लागला आहे. खांद्याला पिशवी, काखेत गुंडाळलेले तक्ते, आणि चेहऱ्यावर नव्या जागी चाललेल्या माणसाचा थोडासा संकोच. तो कोणत्याच कारखान्याचा नोकर नाही. आज एका गोदामात यंत्रे वापरण्याचे धडे देईल, चार दिवसांनी दुसरीकडे आगीपासून बचावाचे सांगेल, पुढच्या महिन्यात कदाचित कोणी बोलावणारही नाही. याला स्वतंत्र प्रशिक्षक म्हणतात. साध्या भाषेत, बोलावतील तेथे जाऊन शिकवणारा फिरता मास्तर.

मीही त्यांतलाच एक. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आपल्या आयटीआयमध्ये, शिल्प निदेशक म्हणून नोकरी केली आणि निवृत्तीनंतर हे काम धरले. खेड्यांतले शिक्षक, आयटीआय झालेली मुले, गिरणीत नाहीतर लूममध्ये उमेद गेलेले जुने जॉबर मला नेहमी विचारतात, ‘मास्तर, हे काम आम्हांला जमेल का?’ त्यांना उत्तर द्यावे म्हणून आजचे हे बोलणे.

काम आहे, यात शंका नाही. भिवंडीत हातमागांच्या जागी यंत्रमाग १९३०च्या आसपास येऊ लागले. १९८२ सालच्या मुंबईच्या गिरणी संपानंतर गिरण्यांकडचे पुष्कळ विणकाम इकडे वळले आणि गल्लोगल्ली साचे वाजू लागले. गोदामांची गोष्ट वेगळी. मुंबईत शिरणाऱ्या मालावर जकात होती, तेव्हा माल हद्दीबाहेर, नाशिक रस्त्याच्या काठी साठवणे व्यापाऱ्यांच्या सोयीचे पडे. २०१७ साली जकात गेली. गोदामे मात्र गेली नाहीत, उलट वाढली. जिथे भाताची खाचरे होती तिथे आता पत्र्याच्या छपराखाली चार-चार मजली उंच मांडण्या उभ्या आहेत. कालपर्यंत नांगर धरणाऱ्या हाताला आज मालउचल गाडीचे चाक धरायचे आहे. त्याला ते कोणीतरी शिकवायलाच हवे. तेव्हा काम आहे. ते कसे करू नये, हे मात्र मला माझ्याच एका चुकीने शिकवले, आणि ती चूक आधी सांगतो.

सुरुवातीच्या वर्षातली गोष्ट. एका गोदामातून बोलावणे आले. नाव सांगत नाही. त्याची गरजही नाही. तिथे खोकी वाहून नेणारा एक लांबलचक पट्टा होता. दोन्ही बाजूंना माणसे उभी राहून माल भरायची, चिकटपट्टी लावायची, खोके पुढे ढकलायची. मला सांगण्यात आले, ‘सुरक्षिततेवर दोन तास बोला.’ मी खुशीत गेलो. वर्ग उपाहारगृहात भरला होता. मी तक्ते लावले, अपघातांची चित्रे दाखवली, दोन विनोद सांगितले. पट्टा चालू असताना त्यात हात घालू नये, हे तर तीनदा बजावले आणि सगळ्यांकडून एका सुरात म्हणवूनही घेतले. लोक हसले, त्यांनी माना डोलावल्या. शेवटी हजेरीच्या कागदावर कोणी सही केली, कोणी अंगठा उठवला. चहा झाला. मानधनाचे पाकीटही त्याच दिवशी मिळाले. घरी जाताना मला वाटले, आपल्याला हे काम छान जमते.

पंधरा दिवसांनी त्याच पट्ट्यावर एका पोराचे बोट गेले. पहिल्या पेराइतकेच, पण गेले ते गेले. चिकटपट्टीचा तुकडा पट्टा आणि रूळ यांच्या फटीत अडकला होता, तो काढायला त्याने हात घातला. त्याने माझ्याच समोर बसून, माझ्यामागून म्हटले होते की हात घालू नये!

मी भेटायला गेलो. पोरगा वीस-एकवीस वर्षांचा. बोटाला जाड पट्टी. मी जरा रागाने, जरा दुःखाने विचारले, ‘अरे, तुला सांगितलं होतं ना?’ तो म्हणाला, ‘सर, तुम्ही सांगितलं ते खरं. पण बटण पार त्या टोकाला आहे. तिथपर्यंत जायचं, पट्टा बंद करायचा, परत यायचं. तेवढ्यात साऱ्यांचं काम थांबतं आणि साहेब ओरडतात. सगळेच हात घालून काढतात.’

मग मी प्रथमच तो पट्टा जाऊन पाहिला. माझ्या पावलांनी मोजले: तो उभा राहत होता तिथून बंद करण्याचे बटण चाळीस पावलांवर होते. उपाहारगृहापासून पट्टा एका भिंतीपलीकडे होता, आणि त्या दिवशी दोन तासांत मी ती भिंत ओलांडली नव्हती.

एवढ्यावर हे संपले असते तरी पुरे होते. पुढे भरपाईची बोलणी निघाली तेव्हा मालकांच्या बाजूने एक कागद पुढे आला. तो माझा हजेरीचा कागद होता. ‘याला रीतसर शिकवलेले होते, ही पाहा त्याची सही.’ माझ्याच हस्ताक्षरातले मथळ्याचे शब्द, माझी तारीख, खाली त्या पोराची वाकडीतिकडी सही. त्याला काही शिकवले नव्हते, हे एकट्या मला पक्के ठाऊक होते. आणि शिकवले होते याचा लेखी पुरावाही मीच दिला होता.

त्या दिवसापासून मी एक नियम केला, आणि नव्याने या कामात येणाऱ्या प्रत्येकाला तोच सांगतो. बोलावणे आले की आधी दिवस ठरवू नका, दर ठरवू नका, विषयही कबूल करू नका. म्हणा, ‘मला आधी एकदा काम चालू असताना जागा बघू द्या.’ जो मालक किंवा व्यवस्थापक याला नकार देतो, त्याला शिकवणारा नको असतो, कागद हवा असतो. त्याला नमस्कार करून परत यावे. पहिल्या वर्षी असे परत येणे जड जाते, घरात पैशाची निकड असते, हे मला माहीत आहे. तरीही यावे.

पाहायला गेल्यावर काय पाहायचे? यंत्र पाहाच, पण त्याहून अधिक माणसाचे हात पाहा. हात कुठे थांबतो, कुठे वळसा घालतो, कुठे नियम मोडतो. जिथे नियम मोडला जातो तिथे रागावू नका. तिथे बहुधा काही कारण दडलेले असते. जुन्या कारीगरांतल्या एका सवयीचे उदाहरण घ्या. धोट्यात नवी कांडी घातली की धोट्याच्या बारीक भोकातून धागा बाहेर काढावा लागतो. त्यासाठी आकडी असते. पण कित्येक जण धोटा तोंडाला लावून धागा ओढून घेत, कारण एक श्वास ओढला की काम झाले. विलायतेत लँकेशायरच्या गिरण्यांतही ही सवय दीर्घकाळ होती. एकच धोटा अनेकांच्या तोंडाला लागे, तंतू आणि तेल पोटात जाई. हे वाईट, हे कोणाला कळत नव्हते? सर्वांनाच कळत होते. पण मीटरवर मजुरी घेणाऱ्या माणसाला साचा थांबलेला परवडत नाही. त्याला आरोग्यावर तासभर व्याख्यान देण्यापेक्षा हाताला चटकन लागेल अशी चांगली आकडी साच्यालाच दोरीने बांधून दिली, तर अधिक उपयोग होतो.

म्हणजे पाहा, पुष्कळदा आपल्याला ज्यासाठी बोलावतात ती अडचण अज्ञानाची नसतेच. याचे एक प्रसिद्ध उदाहरण आपल्या शेजारच्या गुजरातेतले आहे. अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये १९५२ साली स्वयंचलित माग बसवले. यंत्रे नवी, कारीगर अनुभवी, तरीही उत्पादन वाढेना आणि कापडातले दोष कमी होईनात. १९५३ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस नावाचे गृहस्थ तिथे आले. त्यांनी काय पाहिले? काम इतके तुकडे करून वाटले होते की एक जण फक्त तार जोडणार, एक फक्त कांड्या भरणार, एक फक्त तेल देणार. आणि कोणालाही ‘हे माग माझे’ असे म्हणता येत नव्हते. मग ठरावीक मागांची सगळी जबाबदारी एका लहान टोळीकडे द्यावी, असा विचार पुढे आला. तो कारीगरांना इतका पटला की टोळ्या त्यांनी स्वतःच, पाहता पाहता बनवल्या. उत्पादन वाढले, खराबी कमी झाली. तिथे कारीगरांना पुन्हा विणायला शिकवण्याचा वर्ग भरवला असता तर काय झाले असते? काही नाही. दोन दिवसांची मजुरी मात्र बुडाली असती.

माझ्या त्या पट्ट्याचेही असेच होते. तिथे तक्ता नको होता, दोरी हवी होती. अशा पट्ट्यांना लांबीभर एक दोरी लावता येते; कुठूनही ओढली की पट्टा जागच्या जागी थांबतो. चालत्या यंत्राचे धोकादायक भाग झाकायची जबाबदारी १९४८ च्या कारखाने कायद्याने मालकावर टाकली होती, कामगाराच्या सावधपणावर सोडली नव्हती. तेव्हा पाहणी झाल्यावर मालकाला एक साधे पत्र द्यावे. त्यात दोनच गोष्टी असाव्यात: शिकवून सुधारेल असे काय आहे, आणि शिकवून सुधारणार नाही, तुम्हांलाच करावे लागेल असे काय आहे. पत्राची एक प्रत आपल्यापाशी ठेवावी. काही मालक नाराज होतात. काही मात्र म्हणतात, ‘हे आम्हांला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं.’ अशा मालकांच्या जोरावर आपला संसार चालतो.

आता आपल्या शिक्षक बंधुभगिनींसाठी थोडे वेगळे सांगतो. वर्गात पन्नास मुले सांभाळलेल्या माणसाला दहा-पंधरा कामगार म्हणजे काय, असे वाटणे साहजिक आहे. पण शाळेतले मूल तासाला बसले म्हणून त्याचे काही बुडत नाही. यंत्रमागावरचा कारीगर मात्र बहुधा विणलेल्या कापडाच्या मीटरवर मजुरी घेतो आणि बारा-बारा तासांची पाळी करतो. त्याला तुम्ही एक तास बसवला तर तेवढा वेळ त्याचे साचे उभे राहतात. तो तास कोणाच्या खिशातून जाणार, हे आधीच विचारा. मालक त्या तासाची मजुरी देणार असेल तर ठीक. नसेल तर तुम्ही शिकवायला नव्हे, वसुलीला आला आहात असेच त्या कारीगराला वाटेल, आणि त्याचे काही चुकणारही नाही. पाळी संपल्यावर फुकटात बसवणे तर त्याहून वाईट. बारा तास उभे राहिलेल्या माणसाला शिकवू म्हणणे हे भिजलेल्या लाकडाला काडी लावण्यासारखे आहे. मी पाळीच्या सुरुवातीची वीस मिनिटे मागतो आणि ती मजुरीसह मागतो. वीस मिनिटांत एकच गोष्ट शिकवता येते, पण ती येते.

दुसरे, भाषेचे. भिवंडीत एका साच्याच्या शेडमध्ये उर्दू बोलणारे जुने मोमीन कारीगर असतात, भोजपुरी बोलणारे असतात, तेलुगू बोलणारे पद्मशाली असतात. गोदामात आगरी बोली ऐकू येते. तुमची शुद्ध पुस्तकी मराठी तिथे घराबाहेर राहते. कामाच्या वस्तूंना ते जे म्हणतात तेच शब्द आपण उचलावेत. तुम्ही ‘यंत्रमाग’ म्हणाल, ते ‘साचा’ म्हणतील. मग साचाच म्हणा. एका कारीगराने मला जे सांगितले ते मी कधी विसरलो नाही. तुटलेली तार चालत्या साच्यात हात घालून का धरता, असे विचारल्यावर तो म्हणाला, ‘मास्टरजी, तार टूटती है तो हाथ पहले जाता है, दिमाग बाद में.’ माझ्या सगळ्या तक्त्यांहून त्याला आपल्या हाताची अधिक ओळख होती. त्या दिवशी मी समजलो की डोक्याला कितीही सांगितले तरी उपयोग नाही. शिकवायचे आहे ते हाताला.

आणि हाताला शिकवण्याची एक रीत आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत शेतावरची माणसे आणि घरातल्या बायका कारखान्यांत येऊ लागल्या, तेव्हा त्यांना लवकर तयार करण्यासाठी तिथल्या सरकारने १९४० ते १९४५ या काळात मुकादमांना शिकवायचे कसे हे शिकवले. त्या वर्गात एक गमतीचा प्रयोग असे. विजेच्या तारेची एक गाठ कशी मारायची हे शिकवणारा आधी नुसते तोंडाने सांगे. शिकणाऱ्याला ती जमत नसे. मग न बोलता नुसती करून दाखवी. तरीही जमत नसे, कारण समोर बसल्यामुळे डावे-उजवे उलटे दिसे. मग तो शेजारी बसून, एकेक पायरी दाखवत, ती तशीच का हे सांगत गाठ मारी. नंतर शिकणाऱ्याकडून करवून घेई, आणि करताना बोलायला लावी. तेव्हा गाठ येई.

तुम्ही घरी हा प्रयोग करून पाहा. गोठ्यातल्या बैलाच्या दाव्याची गाठ मुंबईत वाढलेल्या पुतण्याला नुसत्या फोनवरून सांगून बघा. दहा मिनिटांत तुम्ही दोघेही चिडाल! आमच्याकडे विणकराची गाठ असते. तुटलेली तार जोडायची, पण इतकी बारीक की वहीतून, फणीतून न अडता निघून जावी. ती मी शेजारी उभा राहून दाखवतो, समोरून नव्हे. पहिल्या वेळी पूर्ण, दुसऱ्या वेळी अगदी सावकाश, तिसऱ्या वेळी त्याच्या हातात धागा देऊन. साच्यांचा आवाज इतका असतो की कानाशी तोंड नेले तरी शब्द कळत नाही. त्यामुळे जे बोलायचे ते शेडबाहेर बोलून घ्यावे आणि आत हातांनी शिकवावे. रेडिओवर बोलणाऱ्याने शब्दांच्या मर्यादा सांगाव्यात हे जरा विचित्रच, पण खरे आहे.

शिकवण्यासाठी आणखी एक मदत जागेवरच असते, आणि नवा माणूस ती नेमकी विसरतो. प्रत्येक शेडमध्ये, प्रत्येक गोदामात असा एक जण असतो की ज्याच्याकडे नवीन पोरे आपोआप विचारायला जातात. तो मुकादम असेलच असे नाही. त्याला शोधा, आणि पहिला धडा त्याच्याकडून घ्या. आपल्या देशात १९५८ साली नागपूर येथे कामगार शिक्षणाचे केंद्रीय मंडळ स्थापन झाले, त्यांनीही हेच तत्त्व धरले होते. कामगारांतूनच निवडलेल्या माणसांना कामगार-शिक्षक म्हणून तयार करायचे आणि त्यांनी आपल्या जागी परत जाऊन सोबत्यांना शिकवायचे. तुम्ही-आम्ही दोन दिवसांनी निघून जाणार. तो तिथेच राहणार. तुम्ही गेल्यावर ‘असं कर, तसं नको’ हे सांगायला तोच असतो.

प्रमाणपत्रांविषयी विचाराल, तर मिळाली तर घ्या. वस्त्रोद्योगाची आणि मालवाहतुकीची कौशल्य परिषद आहे. प्रशिक्षकांसाठी त्यांचे अभ्यासक्रम असतात. भिवंडीत यंत्रमाग सेवा केंद्रही आहे. मोठ्या गोदामांत कागद पाहिल्याशिवाय आत घेत नाहीत, म्हणून तो लागतो. त्याच्या जोरावर फार मिरवू मात्र नये.

पैशाचे बोलायला आपली मराठी माणसे लाजतात, म्हणून मी मुद्दाम बोलतो. दर तोंडी ठरवू नका. दिवस किती, माणसे किती, पाहणीचा दिवस धरला की नाही, महिन्याने परत येऊन पाहण्याचे पैसे वेगळे की त्यातच, प्रवासखर्च कोणाचा, हे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. पाहणीचा दिवस फुकट देऊ नये. तोच खरा कामाचा दिवस आहे. स्वतंत्र प्रशिक्षकालाही सूक्ष्म सेवा-व्यवसाय म्हणून उद्यम नोंदणी करता येते, तिला पैसे पडत नाहीत. आणि अशी नोंदणी असलेल्याचे बिल लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे थकवू नये, असे २००६ च्या कायद्यात म्हटले आहे. मानधनातून कर कापला असेल तर त्याचा दाखला मागून घ्यावा. पावसाळ्यात आणि दिवाळीच्या आसपास बोलावणी कमी येतात. दिवाळीआधी तर गोदामांना श्वास घ्यायला फुरसत नसते. दोन-तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय नोकरी सोडून या कामात उडी टाकू नये. शिक्षकांनी तर निवृत्तीची वाट पाहावी, असे माझे प्रांजळ मत आहे.

आता राहिला तो हजेरीचा कागद. मी तो टाकून दिला नाही, बदलला. पूर्वी त्यावर ‘खालील कामगारांना प्रशिक्षण देण्यात आले’ असे लिहीत असे. आता प्रत्येकाच्या नावापुढे लिहितो, याने माझ्यासमोर काय करून दाखवले. ज्याने करून दाखवले नाही त्याच्या नावापुढे तसे लिहितो. आणि खाली, जागेवर काय नव्हते ते लिहितो: बटण जवळ नव्हते, झाकण नव्हते, उजेड कमी होता. कागदाची एक प्रत मालकाला आणि एक कामगारांच्या त्या मधल्या माणसाला. एका व्यवस्थापकाने मला विचारले होते, ‘मास्तर, खालचं हे लिहायलाच हवं का?’ मी म्हटले, ‘साहेब, वरचं खरं असेल तर खालचंही खरं आहे.’ त्यांनी मला पुन्हा बोलावले नाही. दुसऱ्यांनी बोलावले.

गेल्या पावसाळ्यानंतर माणकोलीच्या बाजूला एका गोदामात मी महिन्याने परत पाहायला गेलो होतो. तिथेही पट्टा आहे. पाहणीनंतर मालकांनी त्याला लांबीभर दोरी लावून घेतली होती. शहापूरकडच्या एक बाई खोकी बंद करत होत्या. महिन्यापूर्वी त्या दोरीला हात लावायला घाबरत होत्या. पट्टा थांबला तर आपल्याला घरी पाठवतील अशी त्यांना भीती होती. मी काही बोललो नाही, नुसता उभा राहिलो. थोड्या वेळाने चिकटपट्टीचा तुकडा फटीत गेला. बाईंचा हात आधी वर गेला, दोरी ओढली, पट्टा थांबला. सगळी माणसे जागच्या जागी उभी राहिली. बाईंनी तुकडा काढला आणि मान वळवून पलीकडे उभ्या असलेल्या देखरेख करणाऱ्या साहेबांकडे पाहिले. साहेब काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त मान हलवली.

मी वही काढली आणि बाईंच्या नावापुढे खूण केली.